दंडावर टोचलेलं आरएनए मेंदूत पोचत नाही

गेल्या रविवारी सकाळी घणसोलीहून मामीचा फोन आला. "अगं, ह्यांना खुर्चीतून उठवतच नाहीये. हातपाय लाकडासारखे झालेत." गोळ्या दिल्या का विचारलं, तर म्हणाली, "त्या परवापासून बंद केल्यात. मेसेजमध्ये तसं लिहिलंय ना."

मामाला नऊ वर्षं पार्किन्सन आहे. ठाण्याहून वाशी लोकल पकडून घणसोलीला उतरेपर्यंत मी त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन लावत होते. त्यांनी गोळ्या पहिल्यासारख्या लगेच सुरू करायला सांगितल्या. तो मेसेज मी मामीच्या फोनवर वाचला आणि तेव्हापासून निदान चार ग्रुपवर पाहिला. मजकूर थोडक्यात असा:

"नोबेल मिळालेलं आरएनए इंजेक्शन आता भारतात. वर्षातून दोनदा दंडावर घ्या, शरीरात कुठेही असलेला खराब जीन बंद. कोलेस्टेरॉलवर सिद्ध, आता पार्किन्सन, अल्झायमर, किडनीवरही. आजार कायमचा बरा. साइड इफेक्ट शून्य. आधी तीन आठवडे मेंदूच्या गोळ्या बंद ठेवा, नाहीतर आरएनए पकडत नाही. बुकिंग २५,०००." खाली मोबाइल नंबर.

आधी गोळ्यांचं. लेव्होडोपा, म्हणजे मामाची पार्किन्सनची गोळी, अचानक बंद केली की काही रुग्णांना जबरदस्त ताठरपणा येतो, ताप चढतो, शुद्ध हरपत जाते. ही इमर्जन्सी असते आणि त्यात माणसं दगावतात. मेसेज फिरवणाऱ्यांपैकी एकालाही हे माहीत नसावं, नाहीतर "कुणाला तरी उपयोग होईल" म्हणून तो पुढे ढकलला नसता. "आरएनए पकडत नाही" याला तर कसलाही आधार नाही. लेव्होडोपाचं काम वेगळं, जनुकाचा (जीनचा) निरोप फाडणाऱ्या या आरएनएचं वेगळं. एकामुळे दुसरं अडत नाही.

आणि मेसेज खोटा आहे याचा पुरावा त्याच गोळीत आहे. पार्किन्सनमध्ये मेंदूत डोपामिन हे रसायन कमी पडतं. मग सरळ डोपामिनच का देत नाहीत? कारण रक्तातून मेंदूत जाणाऱ्या वाटेवर पेशींची घट्ट भिंत आहे आणि डोपामिन ती ओलांडू शकत नाही. लेव्होडोपा दिसायला अमिनो आम्लासारखं, म्हणून अमिनो आम्लांसाठी असलेल्या दारातून आत जातं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. डाळ-पनीर खाल्ल्याबरोबर गोळी घेतली की ती नीट लागू पडत नाही, कारण त्या दारावर प्रथिनांतून आलेल्या अमिनो आम्लांचीही गर्दी असते. आता वजन बघा. डोपामिनच्या रेणूचा रेणुभार १५३. जीन शांत करणाऱ्या छोट्या दुपदरी आरएनएचा तेरा हजारांच्या आसपास, शिवाय अंगभर विद्युतभार. १५३ वाला जिथे दाराबाहेर राहतो, तिथे त्याच्या ऐंशी-नव्वद पट मोठा रेणू दंडातून निघून आपोआप आत शिरेल, हे मी कसं मान्य करू? मी औषधनिर्माणशास्त्र शिकले, महापेत क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करते. हे अगदी पहिल्या धड्यातलं आहे.

कोलेस्टेरॉलचं मात्र खरं आहे, ते मान्य करते. इन्क्लिसिरॅन नावाचं इंजेक्शन आहे. पहिला डोस, तीन महिन्यांनी दुसरा, मग दर सहा महिन्यांनी. वाईट कोलेस्टेरॉल साधारण निम्म्यावर येतं. नोबेलही खरं: दुपदरी आरएनए जनुक शांत करतं हा शोध फायर आणि मेलो या शास्त्रज्ञांनी १९९८ साली सूक्ष्म कृमींमध्ये लावला, २००६ मध्ये पारितोषिक मिळालं. पण इन्क्लिसिरॅन काम करतं ते लिव्हरमध्ये. त्याला एक विशिष्ट साखर जोडलेली असते आणि ती साखर ओळखून ओढून घेणारे लाखो रिसेप्टर लिव्हरच्या प्रत्येक पेशीवर असतात. मेंदूच्या पेशींवर ते नाहीत. २०१८ मध्ये मंजूर झालेलं या जातीचं पहिलं औषध, पॅटिसिरॅन, चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून देतात. तेही लिव्हरमध्येच जातं, कारण तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चाळणीसारखी भोकं आहेत आणि रक्तातलं एक प्रथिन थेंबांना चिकटून त्यांना तिकडेच नेतं. लिव्हरपलीकडे कसं पोचायचं, हाच या क्षेत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. मेसेजवाल्याने तो एका ओळीत सोडवून टाकला.

किडनीचं एक औषध लोक दाखवतील, लुमासिरॅन, २०२० चं. त्यातही मेख आहे. ते ज्या दुर्मीळ आजारासाठी आहे, त्यात किडनी बिघडते ती लिव्हरने बनवलेल्या ऑक्सलेट नावाच्या पदार्थामुळे, आणि औषध बंद करतं ते लिव्हरमधलंच जनुक.

मेंदूपर्यंत कुणीच पोचलं नाही असंही नाही. टोफरसेन हे याच कुळातलं, जरा वेगळ्या घडणीचं औषध अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालं. ते दंडावर देत नाहीत, पाठीच्या मणक्यात सुई घालून देतात: सुरुवातीला दर चौदा दिवसांनी तीनदा, मग दर अठ्ठावीस दिवसांनी. तेही एएलएसच्या (चेतापेशी मरून स्नायू निकामी होत जाणाऱ्या आजाराच्या) मोजक्या रुग्णांसाठी, ज्यांच्यात एसओडी१ हे एकच जनुक बिघडलेलं असतं. २०२२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या त्याच्या चाचणीत १०८ जण होते. अठ्ठावीस आठवड्यांनी चेतापेशींच्या झिजेची रक्तातली खूण खाली आली होती, पण मुख्य निकषावर औषध प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली इंजेक्शनपेक्षा, सरस ठरलं नाही. काहींना मज्जारज्जूला सूज आली. योग्य जनुक, योग्य जागी दिलेली सुई, एवढं असून हा निकाल. आणि आमच्या मामीला सांगतायत "साइड इफेक्ट शून्य".

अल्झायमरसाठी असंच मणक्यातून देण्याचं औषध चाचणीत आहे. स्नायूंपर्यंत पोचायला आरएनएला अँटिबॉडी जोडून पाहतायत. मला त्यांच्याबद्दल मनापासून आशा आहे आणि म्हणूनच त्यांच्या नावाने चाललेली ही वसुली जास्त लागते.

राहिलं "कायमचा बरा". वर्षातून दोनदा घ्यायचं ते कायमचं कसं? हे औषध डीएनएला हात लावत नाही, जनुकाचा निरोप तेवढा मधेच फाडतं. नवे निरोप येतच राहतात. त्यातून पार्किन्सनच्या बहुतेक रुग्णांमध्ये बंद करण्याजोगं एकच दोषी जनुक सापडत नाही, आणि मेलेल्या पेशी कुठलंही जनुक शांत करून उठत नाहीत.

मी त्या नंबरवर फोन केला. तीनच गोष्टी विचारल्या: औषधाचं नाव, कुठलं जनुक, सुई कुठे. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, आधी बुकिंग करा, डॉक्टर सगळं समजावतील." औषधाचं नावसुद्धा त्याने सांगितलं नाही.

मामीने पैसे भरायला मुलाकडे मागितले होते, अजून दिलेले नव्हते. गोळ्यांच्या वेळा मी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावल्यात: सात, अकरा, तीन, सात, जेवणाआधी अर्धा तास. बुधवारी मामा जिन्यापर्यंत चालत आला.