गुडघ्याएवढे तळे

फिशटँक म्हणजे भक्कम स्टँडवर ठेवायची काचेची चौकोनी पेटी, ही व्याख्या आमच्या मेहुण्यांना फार अरसिक वाटते. त्यांच्या सौंदर्यदृष्टीच्या कृपेने आमच्या दिवाणखान्यातील टीपॉयच फिशटँक झाले असून, त्यात 100 लिटर पाणी, म्हणजे निव्वळ पाण्याचेच 100 किलो वजन, काच, वाळू आणि दगड यांच्यासह कायमचे वास्तव्यास आले आहे. केर काढण्यासाठी हे टीपॉय सरकवावे, असे आता घरात कोणी कोणाला सुचवत नाही.

या टाकीचे झाकण हेच टेबल असल्याने माशांना खाणे घालण्यापूर्वी वर्तमानपत्रे, चष्मे, रिमोट आणि कपबश्या उचलाव्या लागतात. मग दोघांनी मिळून जाड काच बाजूला करायची, चिमूटभर दाणे टाकायचे आणि सारा संसार पुन्हा मांडायचा. काच घट्ट बसवली तर पाण्याला पुरेशी हवा मिळत नाही व मासे वर येऊन तोंडे वासतात. फट ठेवली तर पाहुण्यांच्या बशीतील चुरा आत जाऊन पाणी गढूळ होते. बरे, वरून पाहताना माशांच्या नुसत्या पाठी दिसतात. त्यातही डोक्यावर सावली पडली की शिकारी पक्षी आला अशा भीतीने ते दगडाआड दडतात, त्यामुळे पाहुणे कौतुकाने वाकले रे वाकले की टाकीत पाहण्याजोगे काही उरतच नाही.

खरी परीक्षा पाणी बदलण्याच्या दिवशी असते. सायफनने पाणी काढायचे तर बादली टाकीपेक्षा खाली हवी, आणि आमच्या टाकीचा तळ जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच आहे. पाणी थोडे उतरले की बादलीतील आणि टाकीतील पातळी सारखी होते व प्रवाह थांबतो. उरलेले काम मग मी पालथा पडून तांब्याने करतो. निसर्गनियमांशी मेहुण्यांचे फारसे जमत नाही, हे मला तेव्हा विशेष जाणवते.

भिंतीवरच्या चित्रासारखी चपटी टाकी त्यांनी मध्यंतरी सुचवली होती. तिच्यात माशाला वळता येत नाही आणि माणसाला हात घालता येत नाही. टाकीवर उलटा उभारायचा काचेचा मनोरा मात्र मलाही मोहात पाडून गेला. त्यातील हवा ओढून घेतली की वातावरणाचा दाब पाणी वर तोलून धरतो आणि मासे टाकीच्या पातळीहूनही उंच पोहतात. वर एखादे बारीक छिद्र पडले की तेच पाणी खाली उतरते, आणि टाकीत तेवढी जागा नसेल तर थेट जमिनीवर येते.

सध्या पलंगाच्या उशाशी टाकी बसवण्याचा विचार चालू आहे. आराखड्यात मासे, दिवे आणि टेकून वाचत बसलेला मी, असे सर्व काही रंगवलेले आहे. रात्रभर घुरघुरणाऱ्या फिल्टरच्या जागी मात्र पेन्सिलीने ‘नंतर पाहू’ असे लिहिले आहे.