फायरवॉल बंद करणाऱ्यांनो, हात आवरा!

रंगपंचमीला सगळं इंदूर राजवाड्यावर गेरमध्ये भिजत होतं, आणि आमच्या व्हेंडरचा माणूस रिकाम्या ऑफिसात बसून डोमेनमधल्या, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या नेटवर्कमधल्या, यच्चयावत मशीनची फायरवॉल (बाहेरून येणारी नको ती कनेक्शन अडवणारी भिंत) बंद करत होता. का, तर अकाउंट्सच्या एका पीसीवर बिलिंग सॉफ्टवेअर सर्व्हरला कनेक्ट होत नव्हतं!

अरे, १४३३ पोर्ट, म्हणजे डेटाबेसकडे जायचं सर्व्हरचं एक दार! सर्व्हरवर आत येऊ देणारा एक इनबाउंड रूल टाकायचा, त्यात अकाउंट्सच्या मशीनचेच आयपी पत्ते घालायचे आणि गेर बघायला जायचं. ते नाही. याने थेट डोमेनलाच नवी ग्रुप पॉलिसी (जीपीओ), म्हणजे सगळ्या मशीनना एकदम लागू होणारा सेटिंग्जचा संच, लिंक केली. डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक, नेटवर्कच्या प्रकारानुसार असलेली फायरवॉलची तिन्ही प्रोफाइल ऑफ. मशीनवर कुठली पॉलिसी लागू झालीय ते सांगणारा जीपीरिझल्टचा रिपोर्ट काढला तर 'विनिंग जीपीओ'च्या रकान्यात नाव काय? 'न्यू ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट'! साधं नाव बदलायचे कष्ट नाहीत. कमेंटची जागा कोरी. फोन केला तर म्हणतो, "सर, चल तो रहा है ना?" एका खोलीचं कुलूप अडलं म्हणून घराची सगळी दारं उचकटून ठेवली, आणि वर हे!

२०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस एसएमबीच्या (विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या) भोकातून एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर आपोआप पसरत गेला. पॅच मार्चमध्येच आला होता. तरी लोकांना एसएमबीचं ४४५ पोर्ट सताड उघडं टाकताना काही वाटत नाही.

पॉलिसी काढली म्हणून लगेच सुटका आहे का? मशीन आपली ९० मिनिटांनी सर्व्हरला नवी पॉलिसी विचारणार, वर ३० मिनिटांपर्यंत आणखी उशीर. ऑफिसात 'जीपीअपडेट फोर्स' ही पॉलिसी ताबडतोब आणणारी कमांड मारत फिरता येतं. पण सेल्सची पोरं छप्पन दुकानच्या कॅफेत फुकटचं वायफाय जोडून बसलीत, त्यांचे लॅपटॉप व्हीपीएनवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडले जाईपर्यंत उघडेच!

ही टूल बनवणाऱ्यांचंही डोकं फिरलंय. विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर चालू ठेवायचा तर 'टर्न ऑफ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस' ही पॉलिसी 'डिसेबल' करायची. बंद करणं बंद करा! रात्री अकरा वाजता नव्या पोराने यातून काय समजायचं?

आणि ऑडिटर! दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावा, हा एकच धोशा. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या बेसलाइनमधून (शिफारस केलेल्या सुरक्षा सेटिंग्जच्या यादीतून) पासवर्ड एक्स्पायरी २०१९मध्येच काढून टाकली, पण यांच्या चेकलिस्टला पत्ता नाही. लोक 'इंदौर@०१'चं 'इंदौर@०२' करतात आणि चिठ्ठी कीबोर्डखाली सरकवतात. पॉलिसी बदलायचा हक्क कुणाकुणाला दिलाय, हे मात्र त्या ऑडिटरने आजवर एकदाही विचारलेलं नाही.

व्हेंडरचं अकाउंट मी डोमेन ॲडमिन्समधून, म्हणजे सगळे हक्क असलेल्या गटातून, काढलंय. मालक म्हणतात, "दे दो वापस, बेचारे का काम अटकता है." नाही देणार. पोर्ट हवं असेल तर नंबर, मशीन आणि कारण लेखी पाठवा. मी स्वतः उघडून देईन, तेवढंच.