जुन्या डिस्कव्हरीवर खर्च का करतो: चिपळूणच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

जुन्या लँड रोव्हर डिस्कव्हरीची देखभाल वेळच्या वेळी करावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत: "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गाडी विकून जेवढे येतील तेवढे तिच्याच खाली घालताय. ते एअर सस्पेन्शन काढा, साध्या स्प्रिंगा टाका. बेल्ट तुटेल तेव्हा बदला. आणि तरुण पोरांना असल्या गाड्यांच्या नादी लावू नका; माझा भाचा तुमचं वाचून तसलीच गाडी बघायला निघालाय." शिवाय आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेल्याचंही सांगितलंत. अशा माणसाला दोन ओळींत उत्तर देऊन चालणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी किमतीचं. आमची गाडी 2012 सालची डिस्कव्हरी 4, तीन लिटरचं व्ही-6 डिझेल. नवी होती तेव्हा पन्नास लाखांच्या कितीतरी वर. आज तिला जे मिळतील त्यात साधी हॅचबॅक येईल. पण गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. कॉम्प्रेसर, पंप, सेन्सर आजही महागड्या गाडीच्याच भावाने येतात. त्यामुळे बिलाची तुलना गाडीच्या बाजारभावाशी केली की दहा-बारा वर्षांची अशी प्रत्येक गाडी भंगारातच काढावी लागेल. मी तुलना करतो ती वेगळ्या गोष्टीशी: हा खर्च केल्यावर पुढची काही वर्षं गाडी भरवशाची राहणार का, आणि तेवढंच काम करणारी दुसरी गाडी मला केवढ्याला पडेल? आमच्या वाडीवरून खाली उतरायला जांभ्यातली चढणीची पाखाडीवजा वाट आहे. ऐन आषाढात आई-बाबांना घेऊन आंबा घाटाने कोल्हापूरच्या दवाखान्यात जावं लागतं. लो रेंज (चढणीसाठी जास्त जोर देणारे हळू गिअर), सात माणसं आणि घाटात जमिनीला धरून राहणारं वजन, हे सगळं देणारी नवी गाडी माझ्या आवाक्यात नाही. जुनी नीट ठेवणं आहे.

आता स्प्रिंगांचं. इथे मात्र तुमच्याशी भांडायचंय.

एअर सस्पेन्शनमध्ये लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्या गाडीला तोलतात, आणि कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. त्यांच्या जागी साध्या स्प्रिंगांचा किट मिळतो, बसतोही. पण या गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची साधारण 185 मिलिमीटर आणि ऑफरोडला टाकली की 240. पावसाने खणलेल्या वाटेवर किंवा दाभोळ-धोपावे जंगलजेटीच्या रॅम्पवर ओहोटीच्या वेळी पोट घासणार की नाही, ते त्या पंचावन्न मिलिमीटरवर ठरतं. उंच केल्यावर डाव्या-उजव्या बाजूच्या हवेच्या वाटा एकमेकींना जोडल्या जातात. एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं आणि चारही चाकं जमीन सोडत नाहीत. स्प्रिंग टाकली की हे सगळं गेलं, उंची एकाच जागी गोठली. मग राहिली ती अडीच टनांची महागडी व्हॅन. शिवनेरीच्या व्होल्व्होखाली तुम्ही एअर बेलो, म्हणजे हवेच्या अशाच रबरी पिशव्या, बघितलेच असतील. ते फुटले म्हणून कुणी तिथे पाटे ठोकले नाहीत, बेलो बदलले.

खरा प्रश्न हवेचा नाही, निदानाचा आहे. आमच्या गाडीचंच सांगतो. सकाळी पुढचा डावा कोपरा बसलेला दिसायला लागला. चालू केली की वर यायची, पण कॉम्प्रेसरचा आवाज रोज लांबत चालला. मग एक दिवस सस्पेन्शनची खूण पेटली आणि गाडी खाली बसली. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, कॉम्प्रेसरच्या बिघाडाचा कोड आला, आणि एस्टिमेट हातात ठेवलं: कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह ब्लॉक (हवा कुठल्या चाकाला जायची ते ठरवणारा भाग), चारही कोपऱ्यांचे स्ट्रट (हवेच्या पिशवीसकट शॉक ॲब्सॉर्बर). आकडा कित्येक लाखांत. तुमचा बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच, आणि त्यावर तुम्ही चिडलात तर बरोबरच आहे.

मी ते काम केलं नाही. कोल्हापुरातल्या एका स्वतंत्र मेकॅनिकने गाडी पूर्ण उंचीला नेऊन इंजिन बंद केलं. पुढचं चाक काढलं आणि साबणाचं पाणी फवारलं. रबराची घडी जिथे दुमडते त्या खाचेत लाल मातीची किनार जमली होती. ती पुसल्यावर बारीक फेस यायला लागला. मोठा फुगा नाही, सुईच्या टोकाएवढ्या चार-पाच जागांतून सतत. बाकी तीन कोपरे कोरडे. गळती एका ठिकाणी होती. रात्रभर तेवढी हवा जायची, सकाळी ती भरायला कॉम्प्रेसर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ पळायचा, तापायचा, आणि शेवटी थकला. म्हणजे कॉम्प्रेसर मेला हे खरं, पण तो कशाने मेला हे स्कॅनर सांगत नाही. नुसता नवा कॉम्प्रेसर बसवला असता तर त्याच गळतीने तोही खाल्ला असता.

आपल्याकडे याला आणखी एक कारण जोडलं जातं. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो. तिच्यातला ओलावा शोषायला ड्रायरमध्ये दाणे असतात. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरची हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. दाणे भिजून गेले की पाणी थेट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये पोचतं आणि आतून गंज धरतो. म्हणून आम्ही दोन्ही पुढचे स्ट्रट आणि कॉम्प्रेसर बदलला, त्याचा रिले, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा विजेचा स्विच, तोही बदलला, कारण जुना रिले चिकटला तर कॉम्प्रेसर बंदच होत नाही. ड्रायर मी आता पावसाळ्याआधी बघून घेतो. व्हॉल्व्ह ब्लॉक तपासले, चांगले निघाले, ठेवले. एस्टिमेटच्या निम्म्याहून कमी पैसे गेले. उंचीचं कॅलिब्रेशन आयआयडी टूलने केलं; लँड रोव्हरचे बिघाड वाचणारं ते हातातलं यंत्र. असलं छोटं यंत्र हाताशी असणं या गाडीच्या मालकाला फार उपयोगी पडतं, कारण प्रत्येक दिव्यासाठी मुंबई-पुणे गाठावं लागत नाही.

बेल्टचं तुमचं म्हणणं मला कळतं, आणि ते कुठून आलं तेही कळतं. तुम्ही ज्या टाटा-लेलँडच्या इंजिनांवर काम केलंत त्यांचं टायमिंग गिअरवर होतं. तिथे बेल्ट नावाची चीजच नव्हती, त्यामुळे 'तुटेल तेव्हा' ही भाषा कधी अंगाशी आली नाही. या व्ही-6 ला पुढे टायमिंगचा बेल्ट आहे (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारा रबरी पट्टा) आणि मागे हाय प्रेशर पंपाचा छोटा बेल्ट. पुढचा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, इंजिन उघडावंच लागतं. म्हणून कंपनी किलोमीटर आणि वर्षं अशा दोन मर्यादा देते, जी आधी येईल ती धरायची. गाडी कमी चालली म्हणून रबर तरुण राहत नाही. बेल्टबरोबर त्याला ताणून धरणाऱ्या पुल्या (टेन्शनर, आयडलर) आणि मागचा बेल्टही एकाच वेळी करून घ्यावा, कारण मजुरी बरीचशी तीच असते. हा या गाडीवरचा सगळ्यात शहाणपणाचा खर्च आहे आणि तो मी तुटायच्या आधीच करणार. तुमच्या डेपोत डॉकिंग होतं ना? गाडी बंद पडायची वाट न बघता ठरल्या दिवशी खाली घ्यायची, ग्रीस मारायचं, बोल्ट तपासायचे. मी लेखात मागत होतो ते नेमकं हेच. खाजगी गाड्यांचे मालक ते करत नाहीत, आणि मग एकदम आलेलं बिल बघून गाडीला दोष देतात.

कोकणात तर डॉकिंग आणखी गरजेचं. चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मचे बूश (सांध्यातले रबरी तुकडे) बदलायला घेतले तेव्हा बूशच्या आतली लोखंडी नळी आणि बोल्ट गंजून एकजीव झाले होते. तेल सोडलं, गरम केलं, हलेना. शेवटी आर्म आणि ब्रॅकेट यांच्या फटीत ग्राइंडरची पाती घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापावा लागला. बूशची किंमत किरकोळ, मजुरीच मोठी. वाईट म्हणजे या गाडीचं पुढचं अलाइनमेंट याच बोल्टांवर फिरवतात. ते जाम झाले की अलाइनमेंट होतच नाही, टायर आतून खाल्ले जातात, आणि दुकानदार दरवर्षी नवे टायर विकत राहतो. आता नवे बोल्ट कॉपर ग्रीस लावून बसवलेत, आणि वर्षातून एकदा सैल करून परत आवळतो. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकचंही तसंच: मागच्या डिस्कच्या आत छोटा ड्रम असतो, त्यात चिखल साठला की लायनर घासतात, आवाज येतो आणि शेवटी मोटर जळते. पाण्या-चिखलातून आल्यावर साफ करणं आणि शू ॲडजस्ट करणं, एवढंच औषध.

आता जिथे तुमच्याशी पूर्ण सहमत आहे तिथे येतो. दोन गोष्टी गेल्या तर मी या गाडीवर एक रुपयाही घालणार नाही.

पहिली, चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. हिच्या चॅसीच्या पोकळ्यांत लाल माती जाऊन बसते, ओल धरते, आणि खारी हवा उरलेलं काम करते. वरून रंग चकचकीत, आतून पत्रा पापुद्र्यांनी सुटलेला. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये तुम्ही जुन्या चॅसीवर नव्या बॉड्या चढवलेल्या बघितल्या असतील; तिथेही चॅसी धड होती म्हणूनच ते होत होतं. म्हणून पावसाळा संपला की आधी मी पोकळ्यांत होजपाइप घालून निथळ पाणी येईपर्यंत धुतो, पूर्ण वाळू देतो, मग आत मेणाचा स्प्रे मारतो. ओल्यावर मारलेला स्प्रे ओल आत कोंडतो. टाकीच्या वरून जाणारे ब्रेकचे पाइपही तेव्हाच बघायचे, ते लपलेले असतात म्हणून कुणी बघत नाही. आणि समुद्राच्या वाळूत गाडी घालायची नाही. 240 मिलिमीटर उंची आहे म्हणून पुळणीवर फोटो काढायला जाणारे लोक आपल्याच चॅसीचं आयुष्य कमी करतात, आणि त्याने कासवांची घरटीही तुडवली जातात ते वेगळंच.

दुसरी, क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा. या घराण्यातल्या डिझेल व्ही-6 मध्ये, 2.7 लिटर आणि तीन लिटर दोन्हीत, बेअरिंग फिरून क्रँकशाफ्ट तुटल्याची उदाहरणं जगभर आहेत. ते झालं की दुरुस्तीच्या नावाखाली इंजिनच बदलावं लागतं, आणि मागवलेलं जुनं इंजिन किती दिवस चालेल याची खात्री कुणी देत नाही. त्यावर माझ्या हातात एवढंच की नेमून दिलेलं ऑइल वापरायचं, कंपनीच्या लांब मुदतीची वाट न बघता दहा हजार किलोमीटरच्या आत बदलायचं, आणि जुना फिल्टर कापून घडीत चकाकणारे धातूचे कण आहेत का ते उन्हात धरून बघायचं. कण दिसले तर त्याच दिवशी गाडी उभी करायची. क्रँक गेला तर गाडी जाईल. त्या दिवशी मी जीव अडकवून ठेवणार नाही.

राहिला तुमचा भाचा, आणि तुमच्या प्रतिक्रियेतला हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. कर्ज काढून घेणार असेल तर त्याने ही गाडी घेऊ नये, हे मी इथे जाहीर लिहितो. गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला असेल तरच विचार करावा. परदेशातून आलेली गाडी असल्याने पंधरा वर्षांनी फेरनोंदणीचं शुल्क 2022 पासून 40,000 रुपये आहे, ग्रीन टॅक्स वेगळा, तेही धरायचं.

आणि चिपळूणचीच गाडी असेल तर 22 जुलै 2021 ला ती कुठे उभी होती हे आधी विचारा. तुम्ही त्या पुरात काय काय वाहून जाताना पाहिलं असेल! पुरातली गाडी धुऊन पॉलिश केली की ओळखू येत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखालचे रेल, गालिच्याखालचे वायरिंगचे जोड आणि त्यांच्यावरचा हिरवा थर बघा. बेल्ट बदलल्याचं तारखेसकट बिल मागा, तोंडी शब्दावर जाऊ नका.

तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर जा, काका. इंजिनाचा आवाज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळेल. मालकाला सांगून गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा, उभी करताना चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा, आणि सकाळी इंजिन चालू करायच्या आधी परत मोजा. एखादाच कोपरा उतरला असेल तर तिथली गळती धरून भाव पाडा. गाडी जॅकवर घेऊन चॅसीवर हातोडीचा दांडा मारत जा, आणि कुठे आवाज बद्द आला तर भाच्याला तिथूनच परत आणा.