कुंडीचं गाव

सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी बागप्रेमींच्या ग्रुपवर एक फोटो येतो. फोटोत एक पिवळं पान. खाली तीन शब्द : "काय झालं असेल?" ना झाडाचं नाव, ना गावाचं. सात वाजेपर्यंत एकवीस उत्तरं जमतात. पाणी जास्त झालं. पाणी कमी पडलं. ऊन कमी आहे. ऊन लागतंय. ताक घाला. ताक घालत असाल तर आधी थांबवा. एक काका उगवत्या सूर्याचं चित्र टाकून "सुप्रभात" म्हणतात. एकवीस उत्तरांत झाडाला अपाय न करणारं असं ते एकच.

या गर्दीत मी एवढंच विचारते, "कुठून?" आणि छळ तिथून सुरू होतो.

मराठी माणसाला गाव विचारणं सोपं नाही. "गाव कुठलं?" म्हटलं की त्याला पणजोबा आठवतात. "आम्ही मूळचे गुहागरकडचे," असं उत्तर येतं. पणजोबांनी गुहागर सोडलं तेव्हा कुंडीही नव्हती आणि गॅलरीही नव्हती. जास्वंद डोंबिवलीला चौथ्या मजल्यावर कपड्यांच्या दोरीखाली उभी आहे, हे पाच-सहा प्रश्नांनंतर बाहेर पडतं. तोवर ग्रुपवरच्या दोन गुहागरवाल्यांनी आडनाव विचारलेलं असतं, कुलदैवत जुळलेलं असतं, आणि पान गळून पडलेलं असतं. म्हणून मी प्रश्नच बदलला. "तुम्ही कुठले?" नाही, "कुंडी कुठे आहे?"

त्यावर दुसरा वर्ग पुढे येतो, तो "जवळ"वाल्यांचा. "मुंबईजवळ" या शब्दात पालघर, कर्जत, पनवेल सगळं मावतं. "पुणे" लिहिणाऱ्याला तर वाटतं, आता पुढे विचारण्यासारखं काही उरलंच नाही. अहो, एकट्या पुणे जिल्ह्यात लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि बारामतीला पाचशेच्या आसपास. अडेनियमची, म्हणजे जाड बुंध्यात पाणी साठवणाऱ्या वाळवंटी झाडाची, कुंडी लोणावळ्याला जूनमध्ये उघड्यावर राहिली, तर गणपतीपर्यंत तिचा बुंधा उकडलेल्या बटाट्यासारखा दबतो. बारामतीला तीच कुंडी पावसाळाभर बाहेर मजेत राहते, फक्त भोक मोकळं पाहिजे आणि मातीत निम्मी जाडी वाळू पाहिजे. आता "पुण्यात अडेनियम पावसात ठेवावं का?" याला काय उत्तर देणार? मी "तालुका?" एवढंच लिहिते. माणसं दुखावतात. तलाठी कार्यालयातून विचारणा आल्यासारखी वागतात.

पुन्हा त्या पिवळ्या पानाकडे येऊ. समजा पान जास्वंदीचं आहे. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार, जाळी काढल्यासारख्या. कुंडीच्या काठाला पांढरा थर. पाणी बोअरचं. हे चित्र सोलापूर-लातूरकडचं. तिथे मातीत लोह असतं, पण पाणी आणि माती चुनखडीची, सामू (पीएच) ८ च्या वर. त्या सामूला लोह मुळांना मिळत नाही. ताटात जेवण आणि तोंडाला मुसकं, अशी झाडाची गत होते. इलाज असा : कुंडीत मावणाऱ्या मातीच्या तिप्पट पावसाचं साठवलेलं किंवा गोडं पाणी हळूहळू ओतून क्षार खालच्या भोकातून वाहून जाऊ द्यायचे. मग लिटरला अर्धा ग्रॅम चिलेटेड फेरस, म्हणजे झाडाला घेता येईल असं लोह, विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारायचं आणि दहा दिवसांनी पुन्हा एकदा.

आता तीच जास्वंद जुलैत सावंतवाडीला. इथे खालची, जुनी पानं अख्खीच्या अख्खी पिवळी. पंधरा दिवस आभाळ फाटलेलं, मातीतलं नत्र वाहून गेलेलं, कुंडीखाली हौसेने ठेवलेली ताटली तुडुंब, मुळांना श्वास घ्यायला जागा नाही. इथे आणखी पाणी ओतून माती धुवा असं सांगणं म्हणजे बुडत्याला पोहण्याच्या तलावाचा पास काढून देणं. ताटली काढायची, कुंडी दोन विटांवर ठेवायची, भोकात काडी घालून ते मोकळं करायचं, आणि पावसाने उघडीप दिली की दोन मुठी गांडूळखत. बस्स.

फोटोत दोन्हीकडे पिवळंच पान. त्यातून ज्यांनी फोटो इतका जवळून काढलाय की पान शेंड्याचं की बुडख्याचं तेही कळू नये, त्यांचं गाव तरी निदान कळायला हवं की नको?

मध्यंतरी एका हुशार मेंबराने तोडगा सुचवला, पिनकोड लिहा. पिनकोडबद्दल मला आदर आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी असून संस्कृतचे पंडित. पण तो आकडा पत्र पोचवायला केलेला आहे, पाऊस मोजायला नाही. लोक अर्धवट सांगतात, "४१५ ने सुरू होतो." ४१५६०५ म्हणजे चिपळूण, तिथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. ४१५११० म्हणजे कुंभार्ली घाट चढून पलीकडचं कराड. आणि ४१५५०८ म्हणजे माण तालुक्यातलं दहिवडी, जिथे पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक चांगलं वर्ष म्हणतात. तेव्हा पिनकोड द्यायचा तर पुरा द्या, आणि पुरा सहा आकड्यांचा देणार असाल तर सरळ गावाचं नावच लिहा. टायपायला तेवढंच.

गाव कळलं तरी कुंडी अजून सापडलेली नसते. गॅलरीची दिशा राहिली. "ऊन भरपूर येतं" हे उत्तर मी बाद धरते. मोगऱ्याला सहा तास थेट ऊन लागतं. पूर्वेच्या गॅलरीत समोर इमारत असली तर ते तीनवर येतं आणि मोगरा नुसता पाल्याने फुगतो. उत्तरेच्या गॅलरीवाल्यांची कथा वेगळीच. वर्षभर तिथे मनी प्लँट आणि कॅलेथिया निवांत असतात. मग उन्हाळ्यात सूर्य पूर्वेच्या बराच डावीकडे सरकून उगवतो आणि पश्चिमेच्या उजवीकडे मावळतो. मेच्या मध्यापासून तर पुण्या-मुंबईला भर दुपारीही तो डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. नागपूरला ही पाळी २६ मेच्या सुमाराला येते. संध्याकाळचं तिरपं ऊन नेमकं उत्तरेच्या गॅलरीत शिरतं आणि कॅलेथियाची पानं कडेने पापडासारखी होतात. मग फोटो येतो, "बुरशी आहे का?" बुरशी नाही हो. दोन महिने कुंडी भिंतीकडे सरकवा.

परदेशातल्या मंडळींनी तर हे आधी सांगावं, "नमस्कार"च्याही आधी. मेलबर्नच्या ताई जानेवारीत विचारतात, मोगरा छाटू का? इथले दहा जण उत्साहाने "हो, हीच वेळ" म्हणतात. आपल्याकडे थंडी उतरताना, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत छाटतात, हे खरंच. पण मेलबर्नला तेव्हा ऐन उन्हाळा असतो आणि झाड फुलावर असतं. थंडी उतरायला ऑगस्ट उजाडावा लागतो. न्यू जर्सीवाल्यांचा जीव कढीपत्त्यात. रात्रीचं तापमान १० अंशांखाली जायला लागलं की कुंडी घरात, दक्षिणेच्या खिडकीशी, आणि हिवाळाभर पाणी अगदी बेताने. पानं गळतील, गळू द्या, मूळ जिवंत असतं. मात्र फ्लोरिडातल्या मावसबहिणीकडून रोप मागवायच्या भानगडीत पडू नका. लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवणारी तुडतुड्यासारखी कीड कढीपत्त्यावर बसते, म्हणून तिथून अशी रोपं राज्याबाहेर न्यायला बंधनं आहेत. म्हणजे इथे नुसतं तुमचं गाव सांगून भागत नाही, रोपाचं माहेरही सांगावं लागतं.

एवढं ऐकून आमच्यासारख्या ग्रुपचे ॲडमिन पेटतात. "सर्व सदस्यांनी आजच्या आज लोकेशन शेअर करावे, अन्यथा काढून टाकण्यात येईल." इथे मात्र मी बाजू बदलते. लोक घाबरून लाइव्ह लोकेशन टाकतात. व्हॉट्सॲप त्यात १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीन पर्याय देतं. आठ तासांत कुंडी कुठेही जात नाही. जाता तुम्ही. तुळस जळाली म्हणून टाकलेलं लोकेशन दुपारी बँकेत, मग दवाखान्यात आणि संध्याकाळी व्याह्यांच्या घरी फिरत असतं, आणि दोनशे चाळीस अनोळखी लोक ते बघत असतात. घर रिकामं आहे हे त्यातल्या एकाने ओळखलं तरी पुरे.

नकाशावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांशाचे आकडे येतात. टिंबाच्या पुढचे चार आकडे दिले तर जागा ११ मीटरच्या आत सापडते, म्हणजे तुमचं दार. दोन दिले तर किलोमीटरभराच्या आत, म्हणजे वाडी. एकच दिला तर ११ किलोमीटर. हवामानाला एक आकडा पुरतो. चार लागतात ते कुरियरवाल्याला आणि चोराला.

आणि जे आकडे देत नाहीत तेही अनेकदा देऊन बसलेले असतात. फोनच्या कॅमेऱ्यात जागेची नोंद चालू असेल, तर फोटोच्या पोटात ते आकडे बसतात. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर ते गळून जातात; पण "कीड स्पष्ट दिसावी" म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट करून पाठवला की आकड्यांसकट पोचतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करा, एक मिनिटाचं काम. शिवाय पानामागे काय दिसतंय तेही पाहा. "मी सुरक्षिततेच्या कारणास्तव गाव सांगत नाही," असं ठणकावणाऱ्या एका नमुनेदार सदस्याचा डीपी असा असतो : बंगल्याच्या नावाची पाटी, समोर गाडी, गाडीचा नंबर, आणि स्टेटसला "कोकण ट्रिप, चार दिवस फुल धमाल." फक्त गुलाबाला मावा कुठे पडलाय ते गुपित.

एकटी राहणारी बाई, तळमजल्यावरचे आजी-आजोबा, भाड्याच्या घरात घरमालकाच्या परवानगीविना वेल चढवणारी पोरं, यांनी तर पत्ता मुळीच सांगू नये, आणि त्यांना कोणी कारण विचारू नये. फांद्यांची देवाणघेवाण करायची असेल तेव्हासुद्धा घराची पिन ग्रुपवर टाकायची नाही. खासगी निरोपात जवळच्या मारुतीच्या देवळाची किंवा रिक्षा स्टँडची पिन द्यायची. फांदी पेन्सिलीच्या जाडीची, सहा इंची, तीन-चार डोळ्यांची. खालचं टोक ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. अर्ध्या तासात द्या-घ्या आणि घरी जा. देवळाशी उभं राहून पुन्हा गुहागर काढू नका.

गाव सांगायची सक्ती करायचीच असेल तर ती आधी सल्ला देणाऱ्यांवर करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. विचारणाऱ्याने गाव लपवलं तर त्याचं एक झाड जातं. सांगणाऱ्याने लपवलं तर वाचणाऱ्या सगळ्यांची जातात. महाडचे काका छातीठोकपणे लिहितात, "तुळशीला एक दिवसाआड पाणी. माझा तीस वर्षांचा अनुभव." अनुभव खरा असतो, महाडचा असतो. ते वाचून चंद्रपूरची सूनबाई मे महिन्यात पाणी एक दिवसाआड करते. बाहेर ४५ अंश, कुंडी आठ इंची, सिमेंटच्या गच्चीवर. तिसऱ्या दिवशी तुळशीच्या काड्या उरतात. तिथे सकाळ-संध्याकाळ पाणी, वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट आणि कुंडीखाली गोणपाट लागतं. काकांनी पुढे नुसतं "महाड" लिहिलं असतं तर तीन अक्षरांत तुळस वाचली असती.

म्हणून मी एक नमुना करून ग्रुपवर पिन केला आहे. तालुका, मजला, गॅलरीची दिशा, पाणी कुठलं, कुंडी किती इंची, पाणी किती वेळा. नाव नको, सोसायटी नको, मूळ गाव तर अजिबात नको. पहिले काही दिवस कोणी वाचला नाही. मग हळूहळू फरक पडू लागला. आज सकाळी ६ वाजून १० मिनिटांनीच प्रश्न आला :

"कराड. दुसरा मजला. पश्चिमेची गॅलरी, दुपारी दोननंतर ऊन. बोअरचं पाणी. कुंडी १२ इंची, प्लास्टिकची. पाणी दिवसाआड, एक तांब्या. पानं पिवळी पडतायत, काय करू?"

झाड कोणतं, ते लिहायचं राहिलं होतं. फोटोही नव्हता. सात वाजेपर्यंत सव्वीस उत्तरं आली होती.