अर्धा किलो कंदी पेढे

प्रवासातले कपडे अजून धुऊन वाळलेही नव्हते, तोच आमच्या सहलीतले नाना साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर चहा पिता पिता चार माणसांदेखत म्हणाले, "ह्यांना म्युझियमची काही आवड नाही. तिकीट काढून बाहेर बसले!" मी बाहेर का बसलो होतो, हे सांगायला तोंड उघडेपर्यंत विषय उसाच्या दराकडे वळला, म्हणून ते येथे लिहितो.

वास्तविक दिल्लीच्या सहलीत मी नाव घातले होते ते संग्रहालयांसाठीच. जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोच्या नर्तकीसमोरून माझे पाय हलेनात. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची, १९२६ साली उत्खननात सापडलेली ही कांस्यमूर्ती जेमतेम १०.५ सेंटिमीटर उंचीची आहे. एक हात कमरेवर, दुसरा बांगड्यांनी भरलेला आणि चेहऱ्यावर 'बघायचे तेवढे बघा' असा भाव. "एवढीशीच? पुस्तकात तर मोठी होती," असा नानांचा अभिप्राय पडला. जयपूर हाउसमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अमृता शेर-गिल यांची चित्रे पाहताना "ह्या बायका एवढ्या गप्प का?" असे त्यांनी विचारले. हा प्रश्न मात्र वाईट नव्हता.

अपमान झाला तो पुढच्या संग्रहालयाच्या दारात. त्याचे नाव घेत नाही. दिल्लीत शिकणारा भाचा तेथेच भेटायला येणार असल्याने त्याच्यासाठी आणलेले अर्धा किलो कंदी पेढे माझ्या पिशवीत होते. दारावरच्या रखवालदाराने पुडा काढला, हुंगला आणि खाद्यपदार्थ आत चालणार नाहीत असे सांगितले. तेही रास्तच, कारण अन्नामागून झुरळे आणि उंदीर येतात आणि त्यांनी कुरतडलेला जुना कागद किंवा रेशीम परत मिळत नाही. पण सामान ठेवण्याच्या खिडकीवरही खाद्यपदार्थ स्वीकारत नाहीत, अशी पाटी होती.

तेव्हा नाना पुढे सरसावले. एस.टी.च्या स्थानकावर गाड्या पुकारण्यात हयात गेल्याने त्यांना हळू बोलता येत नाही, आणि त्यांची हिंदी म्हणजे शेवटी 'है' लावलेली मराठीच असते.

"हम राजधानी से आया है!"

"राजधानी से आओ या पॅसेंजर से, नियम सबके लिए एक है," रखवालदार म्हणाला.

"गाडी नहीं! गाडी तो गोवा एक्स्प्रेस! राजधानी सातारा! शाहू महाराज का राज्याभिषेक १७०८ में हमारे इधर हुआ है!"

रखवालदाराने माझ्याकडे पाहिले. मी पाटीकडे पाहिले.

"लंडनवाले ने वाघनख दिया हमको," नाना आता सगळ्या रांगेला उद्देशून बोलू लागले. "२०२४ में, सातारा के म्युझियम में! वो हमारे ऊपर भरोसा रखता है, और तुम हमारा पेढा दोन तास नहीं सांभाळता?"

युक्तिवाद बिनतोड होता आणि मागच्या शाळकरी मुलांनी टाळ्याही वाजवल्या. परंतु रखवालदाराने शांतपणे निवाडा दिला की, एकाने पेढे घेऊन बाहेर बसावे.

"बसतील की! हे बसतील," नाना तत्क्षणी म्हणाले आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा असलेली आपली सबंध पिशवी माझ्या मांडीवर ठेवून आत गेले. ते पाहून सहलीतल्या बाकीच्यांनीही आपापला चिवडा, चकल्या आणि एकांनी तर दह्याचा डबा माझ्या हवाली केला.

ज्या पहाडी लघुचित्रांसाठी मी आलो होतो, ती भिंतीपलीकडे होती. बसायला बाक नव्हता, कठडा तापला होता आणि काढलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळत नव्हते. शेकडो वर्षांपूर्वीचे हस्तिदंत जिवापाड जपणाऱ्या संस्थेला दाराबाहेर घट्ट झाकणाचे दोन पत्र्याचे डबे ठेवणे अवघड का व्हावे, हे मला अजूनही कळलेले नाही. लांबून आलेल्या माणसाजवळ शिदोरी असणारच.

नाना बाहेर आले तेव्हा प्रसन्न दिसत होते. आत गारवा झकास आहे, असे त्यांनी सांगितले. मी लघुचित्रांविषयी विचारले.

"होती की. पण लई बारीक," नाना म्हणाले. "आणि माझा चष्मा राहिला हितं, तुमच्याजवळच्या पिशवीत."