एक्स्ट्रांची मतं आणि ब्रेननची कवळी

जुन्या हॉलिवूडच्या चाहत्यांत एक किस्सा वर्षानुवर्षं फिरतोय. सहाय्यक भूमिका करणारा नट वॉल्टर ब्रेनन म्हणे जन्मभर एकच बोळका म्हातारा करत राहिला, नामांकन मिळालं की दरवेळी एक्स्ट्रांच्या, म्हणजे पडद्यावर गर्दीत उभं राहणाऱ्यांच्या, गठ्ठा मतांवर ऑस्करची बाहुली घरी नेली, आणि तिसऱ्यांदा तेच झाल्यावर ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं वैतागून एक्स्ट्रांचा मताधिकारच काढून घेतला.

यातलं खरं आधी सांगतो. एक्स्ट्रांना तेव्हा मत होतं आणि ते संख्येनं हजारांत होते. ब्रेननही त्यांच्यातलाच. विसाच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये जमिनीच्या व्यवहारात हात पोळले, मग एक्स्ट्रा म्हण, स्टंट म्हण, मिळेल ते काम केलं. ‘द इन्व्हिजिबल मॅन’मध्ये (१९३३) ज्याची सायकल पळवली जाते तो हाच, श्रेयनामावलीत नाव नाही. आपल्या माणसाला मतं पडली असणारच.

पण ‘दरवेळी’? नामांकनं चार होती. १९३६चा ‘कम अँड गेट इट’, १९३८चा ‘केंटकी’, १९४०चा ‘द वेस्टर्नर’ हे तीन जिंकले. पुढच्याच वर्षी ‘सार्जंट यॉर्क’साठी तो पुन्हा शर्यतीत होता आणि डोनाल्ड क्रिस्पकडून हरला. एक्स्ट्रांचं मत तेव्हाही शाबूत होतं. त्याच वर्षी ‘सिटिझन केन’ हरला, त्याचंही खापर त्यांच्याच माथी फोडतात! मग तिसऱ्या विजयानं मताधिकार गेला कधी?

बाहुलीचं म्हणाल तर तीही नाही. सहाय्यक भूमिकांना तेव्हा नुसती पाटी मिळे. बाहुली १९४३च्या चित्रपटांपासून मिळू लागली.

‘केंटकी’च्या बाबतीत मात्र मी भांडणार नाही. ते बक्षीस मी ‘फोर डॉटर्स’च्या जॉन गारफिल्डला दिलं असतं.

राहिला बोळका म्हातारा. १९३२च्या एका अपघातात त्याचे बरेच दात गेले, आणि त्यानं त्याचंच भांडवल केलं. भूमिका मागायला गेल्यावर ‘दातांसकट की दातांशिवाय?’ असं विचारल्याचा किस्सा दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स सांगायचा. हॉक्सच्याच ‘रेड रिव्हर’मध्ये (१९४८) तो पोकरमध्ये आपली कवळी हरतो, आणि ती त्याला फक्त जेवणापुरती परत मिळते.

आता त्याच्याच आधीचा ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ (१९४६) बघा. सलूनमध्ये मुलांनी दंगा केलाय, मार्शल अर्पनं त्यांना झोडपलंय. बाप क्लँटन, म्हणजे ब्रेनन, पुढे होऊन नरमाईनं माफी मागतो: पोरं प्यायलीत, मनावर घेऊ नका. अर्प बाहेर पडतो. म्हातारा चाबूक उचलून पोरांनाच फोडून काढतो. राग दंग्याचा नाहीच. पिस्तूल काढलंत तर माणूस मारून का टाकला नाहीत, याचा आहे. चेहरा तोच, पण जेवणासाठी कवळी मागणारा गडी यात शोधून सापडत नाही.

आणि ‘द वेस्टर्नर’मध्ये त्यानंच केलेला न्यायाधीश रॉय बीन? माणसं फासावर चढवणारा हा इसम लिली लँगट्री या नटीवर लहान पोरासारखा भाळलेला. तिच्या खेळाची सगळी तिकिटं तो एकटा घेतो, ठेवणीतला लष्करी पोशाख चढवून रिकाम्या थिएटरात बसतो. पडदा वर जातो, आणि समोर लिली नसते. पिस्तूल घेऊन नायक गॅरी कूपर उभा असतो.