थर्मोस्टॅट काढल्याने जुनी डिझेल गाडी थंड होत नाही

ठाण्यातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "जुनी डिझेल गाडी गरम होते? थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या हवेत त्याचं काम नाही. कूलंटऐवजी साधं पाणी भरा. तापमानाचा काटा वर गेला की रेडिएटरचं झाकण उघडून गार पाणी ओता. तरी गरम झाली तर हेड गेलं समजा." चारही सल्ले चुकीचे आहेत, आणि झाकणाचा तर माणसाला भाजणारा. म्हणून आधी तोच घेतो.

रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं. १ बारच्या झाकणामुळे ते १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण उघडताच दाब जातो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. वर तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं, तर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तडकायची भीती. काटा नुकताच सरकू लागला असेल, तर एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर फुल्ल ठेवा, गाडी कडेला घ्या. हीटर इंजिनचीच उष्णता ओढून घेतो. काटा लाल रेषेवर गेला किंवा वाफ दिसली, तर इंजिन लगेच बंद, आणि ते पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. बाहेर ३५ अंश असो की २०, इंजिनला आपलं ८०-९० अंशांचं तापमान लागतंच. थर्मोस्टॅट काढला तर इंजिन उशिरा तापतं, डिझेल जास्त पितं, झीज वाढते. आणि बऱ्याच इंजिनांत तोच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनातच फिरतं, म्हणजे घाटात गाडी उलट जास्त तापते. शंका असेल तर तो काढून पातेल्यात दोऱ्याने लटकवा, गॅसवर पाणी तापवा, थर्मामीटर धरा. अंगावर ८२ कोरलं असेल, तर त्याच्या आसपास झडप हलायला लागते. हलली नाही तर नवीन घाला.

साध्या पाण्याने आतून गंज चढतो. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल, तर रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात. कॉन्सन्ट्रेट कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं घाला.

राहिलं हेड. माझी सोळा वर्षांची डिझेल गाडी घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला तापायची, गावात कधी नाही. एका गॅरेजमध्ये "हेड उतरवावं लागेल" असं सांगितलं. पण गाडी नेमकी कधी तापते, हे कोणी विचारलंच नाही. सिग्नलला तापते आणि पळताना निवते, तर संशय पंख्यावर: मोटर, रिले, किंवा बेल्टवरचा पंखा असेल तर त्याचं व्हिस्कस कपलिंग, म्हणजे तापल्यावर पंख्याला जोराने फिरवणारा जोड. चढाला किंवा वेगात तापते, तर रेडिएटर तुंबलाय किंवा वॉटर पंप कमी पडतोय. काटा अचानक उडी मारत असेल, तर आधी सेन्सर आणि अर्थिंग. चार पैसे खर्च करून इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि थर्मोस्टॅटच्या घरावर (हाउसिंगवर) धरून काट्याशी ताडून बघा.

माझ्या गाडीत पुढून सगळं स्वच्छ दिसत होतं, कारण पुढून दिसतो तो एसीचा कंडेन्सर. तो सैल करून मागे टॉर्च मारला, तर रेडिएटरच्या जाळीवर बांधकामांची धूळ, कापूस आणि किडे यांची गोधडीच जमली होती. इंजिनच्या बाजूने हळू पाण्याने धुतली, जाळी वाकू न देता. त्यानंतर गायमुखला काटा अर्ध्यावरच राहतो.

हेडचाच संशय असेल, तर सकाळी गार इंजिनवर झाकण काढून चालू करून बघा. सतत बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावून चालू केल्यावर मिनिटभरातच रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दगडासारखा कडक झाला, पाणी कमी होतंय पण गळती दिसत नाही, तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे हेडखालच्या सीलकडे वळा. यातलं काहीच नसेल, तर हेड उतरवायला होकार देऊ नका.